गोळा पूर्ण काळा करावा

मी चित्रकलेचा मास्तर.
मे महिन्यात शाळेत चित्रकला नसते,
म्हणून माझ्याकडे खोली क्रमांक अकरा.
चोवीस बाकं, चोवीस काळी पेनं, भिंतीवर एक घड्याळ.
त्याचा सेल मी स्वतःच्या पैशानं बदलला.
मागल्या वर्षी ते चार मिनिटं मागं होतं
आणि एका मुलीनं त्याच्यावर भरवसा ठेवला होता.

बाहेर पारा पंचेचाळीस.
फाटकाशी गजभिये मॅडम कात्री घेऊन
पूर्ण बाह्या अर्ध्या करताहेत.
मनगटावरचा दोरा कापताना एक आई म्हणते,
"राहू द्या ना जी, ताजबागचा हाय."
"मले काय हौस हाय का बाई?"
दोरा रुमालात, रुमाल आईच्या मुठीत.
"नीट जाजो. नीट वाचजो."
ज्यांनी या परीक्षेचं नाव ठेवलं
त्यांना आमच्या बायकांचा हा शब्द ठाऊक नसावा.

तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो,
वर्तुळ मनगटातून नाही, खांद्यातून काढा.
कुणाचं अंड्यासारखं यायचं,
कुणाचं संत्र्यासारखं, वरखाली थोडं चपटं.
संत्र्याला मी दोन गुण जास्त द्यायचो.
इथं वर्तुळं छापूनच आलेली.
सातशेवीस. त्यातली एकशेऐंशी काळी करायची,
रेषेबाहेर न जाता.
एवढं तर आमची बालवाडीही करते.

क्षितीज पराते, तिसरी खेप.
पेपर उघडायच्या आधीच याचा पाय हलतो.
दोन वर्षं नंदनवनातल्या खोलीत, कूलरच्या घरघरीत,
आता प्रश्न वाचत नाही, ओळखतो.
त्याच्यामागं रोशनी उसेंडी, धानोऱ्याकडची,
रात्रीच्या एसटीनं आलेली.
यंत्र तिचा अंगठा घेईना.
तेंदूपत्त्याचा हंगाम, रेषा झिजलेल्या.
ओल्या फडक्यानं पुसला,
चौथ्यांदा हिरवा दिवा लागला
आणि ती यंत्राकडे बघून हसली, ओळखीचं भेटल्यासारखी.

या दोघांना एकच पेपर.
याला न्याय म्हणावं की थट्टा,
यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहा थंड होतो.
मी बोलत नाही. मला माझी मुलाखत आठवते.
कला महाविद्यालय, तीन साहेब, एक टेबल.
माझी चित्रं अजून गुंडाळलेलीच होती.
"वडील काय करतात?"
"गोळीबार चौकात मागावर बसतात."
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
बस्, एवढंच. पुढं काही विचारलंच नाही.

यंत्र एकमेकांकडे पाहत नाही.
म्हणून मी त्याला शिव्या देताना
अर्ध्यावर थांबतो.

साडेतीन.
फेरी मारताना रोशनीच्या बाकाशी पाय अडला.
पुस्तिकेत प्रश्न एकशेबारा,
पेनाचं टोक एकशेअकराच्या ओळीवर.
एक ओळ घसरली होती पोर.
किती आधीपासून, दिसलं नाही.
पेनानं भरलेला गोळा खोडता येत नाही,
आणि पर्यवेक्षकानं उमेदवाराशी बोलू नये,
नियम सात.

मी फळ्याजवळ गेलो.
भिंतीला सांगावं तसं मोठ्यानं म्हणालो,
"सगळ्यांनी प्रश्नाचा नंबर आणि गोळ्याचा नंबर
नीट जुळवून पाहा."
चोवीस माना वर.
क्षितीज चिडला, त्याचं गणित तुटलं असणार.
नियम मोडला की नाही, मला अजून कळलेलं नाही.
रोशनीनं खाली पाहिलं,
डाव्या हाताचं बोट ओळींवरून वर वर नेलं
आणि एका ठिकाणी थांबवलं.
मग पंखा, पंखा, पंखा.
मग पेन पुन्हा चालू.

पाच वाजता कागद गोळा केले, मोजले, सील केले.
तिचा कागद मी पाहिला नाही.
म्हणजे पाहिला,
पण नुसते काळे ठिपके होते,
आणि मला ठिपके वाचता येत नाहीत.

फाटकाबाहेर गाठ पुन्हा बसत नव्हती,
कापलेला दोरा आखूड पडतो.

घरी बायको म्हणाली, कशी झाली परीक्षा?
मी चप्पल काढली, माठातलं पाणी घेतलं,
म्हटलं, घड्याळ बरोबर चाललं.